मलिंडा लो यांच्या अद्भुतकथा आणि आपले कुमारसाहित्य : जिथे प्रेमाचा खुलासा कोणी मागत नाही

कृष्णाकाठची (सांगली) :

मलिंडा लो यांची 'ॲश' ही पहिली कादंबरी २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. सिंड्रेलाची गोष्ट आपल्याकडेही घरोघरी ठाऊक आहे : सावत्र आई, घरकामाला जुंपलेली मुलगी, राजवाड्यातला नाच आणि राजपुत्र. लो यांनी हा सांगाडा जवळजवळ तसाच ठेवला, राजपुत्रालाही काढून टाकले नाही, मात्र नायिकेचा जीव जडतो तो राजाच्या शिकारपथकाचे नेतृत्व करणाऱ्या कायसा नावाच्या स्त्रीवर. या धाग्यात मला त्यांच्या अद्भुतकथांविषयी एकच मुद्दा मांडायचा आहे, पण तो सविस्तर मांडायचा आहे, कारण ज्या मुलामुलींसोबत मी इथे वाचन करते त्यांच्यासाठी तो मला फार मोलाचा वाटतो.

आधी कथा थोडक्यात सांगते. ॲशची आई जाते, वडील दुसरे लग्न करतात आणि लवकरच तेही कर्ज मागे ठेवून जातात. त्या कर्जाचे निमित्त करून सावत्र आई तिला मोलकरीण करते. रानाच्या कडेला तिला परीलोकातला एक पुरुष भेटत राहतो. तो तिच्या इच्छा पुऱ्या करतो, पण त्याची किंमत ठरलेली आहे, आणि ती म्हणजे एक दिवस तिने त्याचे व्हायचे. आईच्या मृत्यूने खचलेल्या मुलीला तो करार सुरुवातीला हवाहवासाच वाटतो, कारण या जगात थांबण्यासारखे तिच्याकडे काही उरलेले नसते. पुढे कायसा तिला घोड्यावर बसायला आणि रानातल्या जनावरांचा माग काढायला शिकवते, दोघी एकमेकींना परीकथा सांगतात, आणि ॲशला जगावेसे वाटू लागते. माझ्या मते कादंबरीचा खरा विषय हाच आहे. प्रेम त्या मुलीला मृत्यूच्या ओढीतून परत आणते.

आमचा एक छोटा वाचनगट विश्रामबाग भागात आठवड्यातून एकदा जमतो. 'ॲश' मी तिथे तोंडी मराठीत सांगत, मधूनमधून मूळ परिच्छेद वाचत पुढे नेत होते. अर्ध्याहून अधिक कादंबरी झाली तेव्हा तासगावकडून येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, पण घरी कधी कळणार?" तिला प्रेमकथा आवडत होती, पण ती सतत त्या प्रसंगाची वाट पाहत होती. दार बंद होईल, कोणी तरी हात उगारेल, मुलीला मामाकडे पाठवून देतील, असे काही तरी होणारच, हे तिने धरूनच ठेवले होते. असे प्रकरण या पुस्तकात नाही, असे मी सांगितल्यावर तिने शिकारीचा भाग पुन्हा वाचायला लावला, आणि या वेळी कोण कोणाकडे पाहते आणि कोण काय बोलते, याच्या नोंदी ती वहीच्या मागच्या पानावर करत गेली. सावत्र आईचा जाच होता, बहिणींचे टोमणे होते, ॲश नोकराणी आहे म्हणून होणारा पाणउतारा होता. दोघी स्त्रिया आहेत म्हणून घेतलेली हरकत मात्र एकही सापडली नाही.

हे लेखिकेने विचारपूर्वक केले आहे. लो यांनीच सांगितले आहे की पहिल्या खर्ड्यात ॲश राजपुत्राच्याच प्रेमात पडत होती आणि तो खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीला ते प्रेम निर्जीव वाटले होते. नायिका बदलली नाही, कथानकही फारसे बदलले नाही. फक्त जिथे खरोखर धग होती तिथे कथा वळली, आणि वळताना त्या जगाचे नियमही लेखिकेने असे केले की दोन स्त्रियांचे प्रेम तिथे सर्वसामान्य ठरावे.

'हंट्रेस' (२०११) ही त्याच जगात काही शतके आधी घडणारी कादंबरी आहे. ऋतुचक्र बिघडले आहे, सूर्य दिसत नाही, पिके बुडत आहेत, आणि परीराणीकडून आलेल्या निमंत्रणामुळे काएदे आणि ताइसिन या दोन सतरा वर्षांच्या मुली प्रवासाला निघतात. या जगावर चिनी परंपरेची छाप आहे. लो यांचा जन्म चीनमधला असून त्या लहानपणीच अमेरिकेत गेल्या. ताइसिनला काएदे नीट भेटण्याआधीच एका दृष्टांतात दिसते आणि त्या दृष्टांतातच आपण हिच्यावर प्रेम करणार आहोत, हेही कळते. इथे अडथळा आहे आणि तो मोठा आहे, पण तो व्रताचा आहे. ताइसिनला ज्ञानी व्हायचे आहे आणि तिथल्या ज्ञानींना ब्रह्मचर्य पाळावे लागते. मुलगा असता तरी प्रश्न तोच राहिला असता.

आता मराठीकडे पाहू. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले आणि एका मुलीवर प्रेम करणारी त्यातली सुमित्रा शेवटी आत्महत्या करते, हे आपल्याला ठाऊक आहे. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' आहे, बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' आहे. ही सगळी महत्त्वाची पुस्तके आहेत आणि ती नसती तर आपण आज हा धागाही काढू शकलो नसतो. पण ती वास्तवाच्या अंगाने लिहिलेली आहेत, प्रौढ वाचकासाठी आहेत आणि त्यांतून वेदना हटत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःसारखी नायिका घोड्यावर बसलेली, तलवार चालवणारी, राज्य वाचवणारी कुठे भेटते? मराठीत अशी कुमार कादंबरी लिहिली गेली पाहिजे, आणि ती लिहिताना हरकतीचे प्रकरण वगळण्याचे धैर्य लेखकाने दाखवले पाहिजे, असे माझे मत आहे. सदस्यांनी यावर मोकळेपणाने लिहावे.

जतचे_मास्तर (जत) :

ताई, लेख मनापासून आवडला, पण मूळ मुद्दा मला पटत नाही. आमच्या भागातून दरवर्षी लोक सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जातात. देवीला वाहिलेले, स्त्रीवेशात राहणारे जोगते आमच्या मुलांना लहानपणापासून दिसतात. मुले त्यांच्या पाया पडणारे लोक पाहतात आणि त्याच जोगत्यांना एस. टी. स्टँडवर हिणवणारे लोकही पाहतात, आणि अनेकदा ती माणसे तीच असतात. राजन गवसांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' मध्ये हे जग मांडले, 'जोगवा' हा चित्रपटही २००९ मध्ये आला. एवढी सामग्री आपल्या अंगणात असताना कोणीच हरकत घेत नाही अशा जगाची कल्पना करणे म्हणजे दुखण्याला वळसा घालणे आहे, असे मला वाटते. पुस्तक मिटल्यावर मुलाला त्याच स्टँडवर उभे राहायचे असते.

मी अद्भुतकथेच्या विरोधात नाही. मी एडन थॉमस यांची 'सेमेटरी बॉईज' (२०२०) सुचवीन. पूर्व लॉस एंजेलिसमधला याद्रिएल हा पारलिंगी मुलगा आहे, म्हणजे जन्मावेळी त्याला मुलगी मानले गेले होते. त्याच्या घराण्यात मृतात्म्यांशी बोलण्याची आणि त्यांना मार्गी लावण्याची विद्या आहे, पण स्त्रियांचे आणि पुरुषांचे विधी वेगळे आहेत, आणि घरचे त्याला पुरुषांचा विधी करू देत नाहीत. तो मारित्सा या आपल्या नात्यातल्या बहिणीला सोबत घेऊन चोरून विधी करतो, आणि त्यांची मृत्युदेवता त्याचा स्वीकार करते. समाज नंतर मानतो, देवता आधी मानते. आमच्या भागातल्या मुलाला हे सांगायला कोणताही अनुवादक लागणार नाही.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा) :

मी एका शाळेचे ग्रंथालय सांभाळते, म्हणून व्यवहाराचे प्रश्न विचारते. पहिला प्रश्न भाषेचा आहे. ही पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि मराठी माध्यमातली आठवी-नववीची मुले एवढे इंग्रजी आनंदासाठी वाचत नाहीत. दुसरा प्रश्न पालकांचा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले, हे मी सभेत सांगू शकते. पण पालकांचा प्रश्न कायद्याचा नसतो, 'हे आत्ताच कशाला' असा असतो. त्यावर मला 'ॲश'सारखे पुस्तक उपयोगी वाटते, कारण त्यात सांगण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे : शोक, कर्ज, गुलामी, शब्द पाळणे. कपाटात ते परीकथांच्या शेजारी ठेवता येते, वेगळ्या कप्प्यात चिठ्ठी लावून ठेवावे लागत नाही. भिलारच्या पुस्तकांच्या गावात बालसाहित्याचे स्वतंत्र दालन आहे. मुलांची सहल तिथे नेते तेव्हा मुले परीकथांपाशी रेंगाळतात, हे मी पाहिले आहे. अशी मराठी कादंबरी झालीच तर ती तिथे दिसावी, असे मला वाटते.

कृष्णाकाठची (सांगली) :

मास्तर, 'सेमेटरी बॉईज'चा उल्लेख केल्याबद्दल मनापासून आभार. ते पुस्तक मलाही अत्यंत प्रिय आहे. याद्रिएल ज्याला बोलावतो तो हूलियनचा आत्मा जायला तयारच होत नाही, हा प्रसंग तर मुले पुन्हापुन्हा सांगायला लावतात. पण त्यातल्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधते.

याद्रिएलचा विधी सफल होतो, म्हणजे तो मुलगाच आहे याचा पुरावा जादू देते. पुरावा मिळाला म्हणून कथेत न्याय झाला. आपल्या मुलांना असा पुरावा कोण देणार? स्टँडवर उभ्या असलेल्या मुलासाठी कोणतीही देवता सर्वांना दिसेल असा कौल देत नाही. म्हणजे थॉमस यांचे जगही लो यांच्या जगाइतकेच कल्पित आहे. एका जगात मुलाला स्वतःला सिद्ध करावे लागते आणि तो सिद्ध करून दाखवतो. दुसऱ्या जगात सिद्ध करण्याची मागणीच कोणी केलेली नसते. पहिली कथा मुलाला लढण्याचे बळ देते, हे मी मान्य करते. पण दिवसभर स्वतःचा खुलासा देऊन दमलेल्या मुलाला रात्री वाचायला दिलेल्या पुस्तकातही पुन्हा खुलासाच द्यायला लावायचा का? तासगावच्या त्या मुलीला हरकतीची वाट पाहण्याची सवय लागली होती, आणि ती सवय तिला आयुष्याइतकीच आपल्या गोष्टींनीही लावली होती.

वळसा घालण्याविषयी आणखी एक सांगते. लो यांना खऱ्या जगातली हरकत माहीत नाही, असे नाही. त्यांची 'लास्ट नाइट ॲट द टेलिग्राफ क्लब' ही १९५० च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली ऐतिहासिक कादंबरी आहे. तिच्यात पोलीस आहेत, कम्युनिस्टविरोधी संशयाचे वातावरण आहे, घरच्यांनी फिरवलेली पाठ आहे. त्या कादंबरीला २०२१ चे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले, आणि अमेरिकेतल्या काही शाळांच्या ग्रंथालयांतून तीच काढूनही टाकण्यात आली. अमेरिकन प्रकाशकांच्या कुमार-युवा पुस्तकांत अशी पात्रे किती येतात, याची मोजणी त्या अनेक वर्षे स्वतः करून प्रसिद्ध करत होत्या. इतके सगळे जवळून पाहणारी लेखिका अद्भुतकथेत हरकत ठेवत नाही, तेव्हा त्यामागे अद्भुतकथेकडून काय घ्यायचे याचा पक्का विचार असतो.

मिरज_जंक्शन (मिरज) :

मी समलिंगी आहे, म्हणून या धाग्यावर लिहितो आहे. एरवी मी इथे फक्त वाचतो.

शाळेत असताना माझ्यासारखे पात्र ज्या ज्या गोष्टीत आले, तिथे ते एक तर हसे होण्यासाठी आले किंवा मरण्यासाठी. 'हंट्रेस' मी फार उशिरा वाचली. तिच्या शेवटी काएदे आणि ताइसिन यांच्या वाटा वेगळ्या होतात आणि मी त्या पानांवर खूप रडलो. पण ते रडणे मला नवे होते. आजवर अशा गोष्टींत मी रडलो तो त्यांना कोणी जगू दिले नाही म्हणून. इथे दोघींना सगळे मान्य होते, आणि तरी ताइसिनला तिची साधना सोडवत नव्हती. असे दुःख कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. माझ्या बहिणीचे लग्न ठरता ठरता नोकरीच्या गावावरून मोडले, तेव्हा ती जशी रडली, तसेच ते होते. आमच्या वाट्याला कधी तरी तसले साधे, सर्वांसारखे दुःख यावे, एवढेच मागणे होते, आणि ते मला एका परीकथेत मिळाले.

मास्तर, आपले म्हणणे खोटे नाही. स्टँड मलाही माहीत आहे. पण स्टँडची गोष्ट मला पाठ आहे.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा) :

मिरज_जंक्शन, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. आपल्या प्रतिसादातला बहिणीचा भाग मी आमच्या शिक्षकांना दाखवू इच्छिते, आपली हरकत नसेल तरच.

मिरज_जंक्शन (मिरज) :

अवश्य दाखवा, ताई.

जुनी_पोथी (वाई) :

चर्चा योग्य दिशेने चालली आहे, म्हणून सामग्रीविषयी थोडे लिहितो. मराठीत अशी अद्भुतकथा लिहायची तर परीलोक उसना आणण्याची आवश्यकता नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात भंगाश्वन राजाची कथा आहे. इंद्राच्या रोषामुळे एका सरोवरात स्नान करताच तो स्त्री होतो, पुढे त्याला त्या रूपातही मुले होतात, आणि शेवटी इंद्र प्रसन्न होऊन कोणते रूप हवे असे विचारतो, तेव्हा तो स्त्रीरूपच मागून घेतो. इला आणि सुद्युम्न यांच्या कथेतून तर पुरूरवा आणि त्याचा सगळा चंद्रवंश निघतो. या कथांमधला चमत्कार देहाचा आहे आणि त्यावर कथेतली माणसे फार काळ अडून राहत नाहीत. राज्य कोणाकडे, मुले कोणाची, अशा प्रश्नांकडे ती लगेच वळतात.

मात्र एक पथ्य पाळावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. या कथांतील पात्रांवर आजच्या ओळखी चिकटवून 'आपल्याकडे सगळे आधीपासून होतेच' असा दावा करू नये. त्या कथा शाप, वर आणि वंश यांच्या आहेत. त्यांतून आजच्या मुलासाठी नवी कथा रचणे हा लेखकाचा अधिकार आहे. जुन्या कथेला साक्षीदार म्हणून उभे करणे हा वेगळा उद्योग आहे, आणि त्यात कथा मरते.

मला विचाराल तर सर्वांत जिवंत बीज उद्योगपर्वातल्या अंबोपाख्यानात आहे. द्रुपदाची कन्या शिखंडिनी मुलगा म्हणून वाढवली जाते आणि तिचे लग्न दशार्ण देशाच्या हिरण्यवर्मा राजाच्या मुलीशी लावले जाते. गोष्ट उघड होते, सासरा सैन्य घेऊन निघतो, आणि आपल्यामुळे आईवडिलांवर हे संकट आले म्हणून शिखंडिनी प्राण द्यायला रानात जाते. तिथे स्थूणाकर्ण नावाचा यक्ष राहतो. तो तिला आपले पुरुषत्व काही काळासाठी देतो आणि तिचे स्त्रीत्व स्वतः घेतो. मग कुबेर त्या रानावरून जातो. स्त्रीरूपातला यक्ष लाजून सामोरा येत नाही, कुबेर रागावतो आणि त्याला तसेच राहण्याचा शाप देतो. इतर यक्ष विनवणी करतात, तेव्हा शिखंडीच्या मृत्यूपर्यंत अशी मुदत पडते. शिखंडीविषयी सगळे बोलतात, त्या यक्षाविषयी कोणी बोलत नाही.

प्रीतिसंगम_कराड (कराड) :

काका, आपण नेमके माझ्या मनातले पात्र समोर ठेवलेत. मी पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि स्थूणाकर्णावर एक कुमार कादंबरी लिहिण्याचा प्रयत्न चालू आहे. माझी अडचण या धाग्याच्या मुळाशीच आहे. मूळ कथेत लाज आहे. यक्ष लाजतो म्हणूनच तो घराबाहेर येत नाही आणि म्हणूनच शाप मिळतो. कृष्णाकाठच्या ताईंच्या मताप्रमाणे हरकत काढून टाकली, तर शापाचे कारणच जाते. ठेवली, तर माझे पुस्तकही त्या तासगावच्या मुलीने आधीच ओळखलेल्या वळणावर जाते.

जतचे_मास्तर (जत) :

मी दोन दिवस या धाग्यावर परत आलो नाही, कारण मिरजेच्या मित्राने लिहिलेल्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते उत्तर शोधण्याची गरजही नाही असे आता वाटते. माझा आग्रह पूर्ण गेलेला नाही. जोगत्यांची गोष्ट त्यांच्या हालांसकट कुमारांसाठी लिहिली गेलीच पाहिजे, आणि ती कोणी लिहीत नसेल तर मी मुलांकडून लिहवून घेईन. पण कराडच्या लेखकाला एक सुचवतो.

कुबेराचा राग राहू द्या, फक्त त्याचे कारण दरबारी करा. यक्षाने मालकाला न विचारता यक्षांची ठेव मनुष्याला दिली, हा गुन्हा पुरेसा मोठा आहे. मूळ कथेतही कुबेराच्या रागात हा भाग आहेच. मग यक्ष बाहेर येत नाही तो लाजेने नव्हे, तर शिखंडीला दिलेली वस्तू परत मागितली जाईल या भीतीने. शेजारचे यक्ष त्याच्याकडे पूर्वीसारखेच येत-जात राहतील. त्यांना नवे रूप दिसते आहे, आणि त्यांची काळजी मात्र कुबेराचा विमानमार्ग याच रानावरून जातो याची आहे.

कृष्णाकाठची (सांगली) :

मास्तर, हे फार उत्तम आहे. याला एक जोड देते. मूळ कथेत शिखंडी काम झाल्यावर दिलेल्या शब्दाप्रमाणे पुरुषत्व परत करायला रानात येतो. तो पळून जाऊ शकला असता. यक्ष त्याला पाहून आनंदतो, घडलेला शाप सांगतो आणि आता हे तुझ्याकडेच राहू दे असे म्हणून त्याला निरोप देतो. एकमेकांचे देह वागवणारे हे दोघे त्या भेटीत काय बोलले असतील, यावर महाभारत फारसे थांबत नाही. कराडच्या मित्रा, कादंबरी तिथूनच सुरू कर. शापापासून नको. पहिले प्रकरण झाले की आमच्या गटात ये, आपण ते मोठ्याने वाचू, आणि तासगावची ती मुलगी वही घेऊन बसलेली असेल, याची तयारी ठेव.

प्रीतिसंगम_कराड (कराड) :

येतो, ताई. शिखंडी परत येताना सोबत काय घेऊन येतो, हे आधी ठरवतो. रिकाम्या हाताने तो येणार नाही.